सुतकातल्या घरची पेज

खाणीवर मी बावीस वर्षं ट्रक सोडायचं काम केलं. गेटपाशी एक मेज, त्यावर ट्रिपशीट आणि समोर डिचोलीपासून दोडामार्गापर्यंतच्या ड्रायव्हरांची रांग. कोण आधी, कोण मागून, कोण नंबर तोडून घुसला, कोणाला आज हात हलवत परत पाठवायचा, हे सगळं माझ्या तोंडावर चालायचं. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे. खाण बंद पडली, मी घरी बसलो, आवाज मात्र निवृत्त झाला नाही. बायको म्हणते, "तुमी मीठ मागलां तरी शेजारी दचकतत."

हे सांगायचं कारण, नदी गावात शिरली तेव्हा लोकांनी मलाच का पुढे केलं हे कळावं. मी पुढारी नाही, पंच नाही, देवळाचा महाजनही नाही. पण माझ्या फोनमध्ये डिचोली आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांतल्या टिपरवाल्यांचे नंबर होते, आणि आरडाओरडा करायची सवय होती. पुरात या दोन गोष्टींना फार मोल येतं.

पाऊस तीन दिवस धरून होता. पावसाचं आम्हाला कौतुक नाही आणि भीतीही नाही; आषाढ-श्रावणात तो पडणारच. पण चौथ्या दिवशी सकाळी, पाव विकणारा पोदेर भोंपू वाजवत नुकताच पुढे गेला होता, लोक चहात त्याचे गोल उंडे बुडवत बसले होते, आणि खालच्या वाड्यावरून ओरडा आला. नदी बांध ओलांडून माडापोफळींच्या कुळागरांत आणि कुळागरांतून घरांत आली होती. कोणाला बैल सोडायला वेळ मिळाला, कोणाला तेवढाही नाही. एकट्या आमच्या गावची ही गत नव्हती. नदीच्या अलीकडे डिचोलीची गावं, पलीकडे पेडण्याची, सगळीकडून एकाच वेळी फोन सुरू झाले.

तालुक्याच्या कचेरीत माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. त्याने फोन केला. "ट्रकवाल्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत ना? मग नदीच्या या अंगाचं तुम्ही बघा. कुठे किती माणसं बाहेर काढली, कोणाला काय पाहिजे, ते दुपारपर्यंत मला सांगा." मी हो म्हणेपर्यंत लाइन गेली. पुन्हा लागली तेव्हा मी चार टिपर रस्त्यावर काढलेही होते.

माणसं आणायची कुठे, हा प्रश्न मला पडलाच नाही. आमचं देऊळ चढणीवर आहे. त्याच्या आवारात अग्रशाळा आहे, म्हणजे जत्रेला लांबून आलेल्यांनी उतरावं म्हणून बांधलेल्या खोल्या आणि पुढे लांबच लांब ओसरी. जवळ विहीर, महाप्रसादाची मोठमोठी भांडी, कोरडी जमीन, दोन संडास. याहून बरी जागा पंचक्रोशीत नाही, हे मी आजही म्हणेन. चूक जागेत नव्हती. माझ्या डोक्यात होती.

नऊपर्यंत अग्रशाळा भरू लागली. मी ओसरीच्या तोंडाशी मेज टाकून बसलो आणि खालच्या वाड्यातल्या घरांची यादी लिहून काढली. घर, माणसं किती, आली किती. टिपर आला की ड्रायव्हर खालूनच हाळी द्यायचा, मी वरून खूण करायचो. काम अगदी खाणीवरच्यासारखं चाललं होतं, फक्त लोखंडाच्या मातीऐवजी माणसं उतरत होती. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. घरी बसल्यापासून इतकी वर्षं मी काही कामाचा आहे असं मला वाटलंच नव्हतं.

आणि माणसांनी काय काय आणलं होतं! घरात पाणी शिरल्यावर माणूस काय उचलतो याचा काही नेम नाही. एकाने टीव्ही सोडून नुसता त्याचा रिमोट आणला. एका घरच्या, चुली वेगळ्या झालेल्या दोघी जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एकच मिक्सर दोन बाजूंनी धरून आल्या. एक म्हातारे गृहस्थ कोंबडी काखेत मारून आले आणि तिला यादीत घ्या म्हणून माझ्याशी भांडले. पोदेर सायकल ढकलत परत आला. त्याची पुढची गिऱ्हाईकं पाण्यात होती. त्याने पाटी ओसरीवर ठेवली आणि म्हणाला, "खावन सोंपयात, ना जाल्यार हे उंडे फाल्यां गोरवांक घालचे पडटले." उद्या गुरांना घालण्यापेक्षा माणसांनी खाऊन संपवावेत, एवढंच; दानशूरपणाचं भाषण त्याच्याकडे नव्हतं.

मधूनच पेडण्याकडची कामं. पलीकडच्या दोन गावांत प्यायचं पाणी नव्हतं आणि पुलावर नदी बसली होती. मी एक टिपर पिंप भरून पठारावरून, मोपाच्या अंगाने फिरवून पाठवला. बायकोचं माहेर तिकडचंच. तिचा भाऊ दर दहा मिनिटांनी फोन करून विचारायचा, "भावोजी, आमचो ट्रक खंय पावलो?" शेवटी मी त्याच्यावर असा खेकसलो की अग्रशाळेतल्या तान्ह्या पोराने रडणं थांबवलं.

तिसऱ्या खेपेला दोडामार्गचा ड्रायव्हर आला. खाणीवरचा माझा जुना गडी. खालून ओरडला, "भाऊ, एकूण चवदा!" आणि घरं सांगू लागला. शेवटी आवाज जरा उतरवून म्हणाला, "आनी आपल्या मेस्तची घरची दोगां." मेस्त म्हणजे उस्ताद, त्या एका माणसाला सगळे ड्रायव्हर तसं म्हणायचे. मी त्या घरापुढे खूण केली. माणसं दोन, आली दोन.

या घराविषयी थांबून सांगायला हवं. मेस्त माझ्या रांगेतला ड्रायव्हर होता. त्याचा बाप सावंतवाडीकडून खाणीवर मजुरीला आला आणि इथेच राहिला. त्यांचे भाऊबंद सगळे तिकडे, इथे ही तीनच माणसं: मेस्त, त्याची बायको आणि म्हातारी आई. मूलबाळ नाही. बावीस वर्षं मी त्याला रोज पाहिला आणि बावीस वर्षांत त्याने एकदाही नंबर तोडला नाही. उलट कोणाची बायको बाळंत असली, कोणाला घरी लवकर जायचं असलं, की आपला नंबर त्याला द्यायचा आणि मी ओरडलो की हसायचा. पूर येण्याच्या सहा दिवस आधी तो सकाळी उठला, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेला. पन्नाशी नुकती ओलांडली होती. पुतण्या येऊन अग्नी देऊन गेला, नोकरीमुळे थांबू शकला नाही, दहाव्याला परत येणार होता. स्मशानात मी होतो. घरी जाऊन वयनीसमोर, म्हणजे त्याच्या बायकोसमोर, बसलो होतो. म्हणजे त्या घरात काय चाललंय हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

तरीही मी खूण केली आणि पुढचं घर घेतलं.

बारा वाजता पेज झाली. उकड्या तांदळाची, सोबत कोणाच्या तरी बरणीतलं मिठातलं आंब्याचं लोणचं. बायको आणि दोघीतिघी वाढत होत्या. मी कचेरीतल्या माणसाला फोनवर ऐटीत सांगत होतो की आमच्या अंगाचं एकही माणूस बाहेर राहिलेलं नाही. तेवढ्यात एक बाई मेजापाशी येऊन उभी राहिली. ही डिचोलीच्या बाजारात भाजी विकते, चढणीच्या पायथ्याशी तिचं घर. तिचंही घर पाण्यात. हातात अॅल्युमिनियमचा डबा, वर फडकं बांधलेलं.

"आज पाळी माझी," ती म्हणाली. "ही पेज कोणाबरोबर धाडूं?"

"कसली पाळी? बस आनी जेव."

"मेस्तच्या घरची."

आमच्या वाड्यावर रीत आहे. घरात माणूस गेला की त्या घरची चूल बारा दिवस नावापुरतीच पेटते. जेवण शेजारून जातं. कोणी कागदावर लिहीत नाही, पण एकामागून एक घरं लागलेली असतात, आणि आपला दिवस कोणी चुकवत नाही. भांडण असलं तरी पेज जाते. पहिल्या दिवशी आमच्या घरून गेली होती. त्या दिवशी या बाईचा क्रम होता. स्वतःचं घर बुडालं, गाद्या भिजल्या, चार दिवसांची भाजी वाहून गेली, पण महाप्रसादाच्या भांड्यातून निघालेल्या पहिल्या पेजेतली दोन माणसांची पेज तिने बाजूला काढली होती.

मी वैतागून म्हणालो, "अगो, तीं हांगाच आसत. खोलीत बघ आनी दी."

ती हळू म्हणाली, "हांगा? देवळात? तांका सुतक न्हय?"

फोन अजून कानाला होता. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत होता. मी उठलो, एकेक खोली बघितली, ओसरी बघितली, स्वयंपाकाची पडवी बघितली. बायको विहिरीकडे धावली. कुठेच नव्हती. दोडामार्गकर शपथेवर सांगत होता की त्याने दोघींना पायऱ्यांशी उतरवलं, म्हातारीला हात धरून उतरवलं. ते खरंच होतं. पायऱ्यांपर्यंत आल्या होत्या. पायऱ्या चढल्या नव्हत्या.

खाणीवर इतक्या वर्षांत ट्रक चुकला नाही, आणि इथे दोन माणसं माझ्या नाकासमोरून गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नदीच्या या सबंध अंगाचा हिशोब मी ठेवला आणि ज्या घरी सहा दिवसांपूर्वी रडलो तेच विसरलो. देऊळ ठरवताना क्षणभर जरी डोक्यात आलं असतं! पण आलं नाही. ज्याच्या घरी सुतक नसतं त्याला देऊळ म्हणजे नुसती कोरडी जागा असते.

भीती वेगळीच होती. मेस्तचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. चिऱ्याचं घर पाण्यात चार दिवस उभं राहतं, मातीच्या भिंती भिजल्या की कधी बसतील सांगता येत नाही. आणि पाणी अजून ओसरायला लागलेलं नव्हतं.

मी आणि दोडामार्गकर टिपर घेऊन निघालो. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, आणि मीही नाही, जी माझ्या बाबतीत नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. खालच्या वाड्यात पाणी चाकांच्या वर आलं. त्याने गाडी इतक्या सावकाश घातली की लाट उठून कोणाच्या भिंतीवर आपटू नये. रस्ता कुठे आणि गटार कुठे हे त्याला दोन बाजूंच्या माडांवरून ओळखावं लागत होतं. घरापाशी पोचलो तर मागचा गोठा बसलेला.

मी हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. मग आतून, माळ्यावरून, म्हातारीचा आवाज आला, "कोण ता? आरडतां कित्या? आयकाक येता माका."

इतका आनंद मला त्या आवाजाने झाला की मी पाण्यात उभा राहून हसलो. मग लगेच रागावलो. शिडी चढून माळ्यावर गेलो तर दोघी तांदळाच्या पिंपाशेजारी बसलेल्या, आणि मधे समई. मेस्त जिथे गेला तिथे बारा दिवस तेवत ठेवायचा दिवा, तो वयनीने वर आणून ठेवला होता. खाली पाणी, भिंती भिजून काळ्या पडलेल्या, आणि या दोघी वातीला वारा लागू नये म्हणून पदर आडवा धरून बसल्या होत्या.

"आये, तुमी पायऱ्यांपर्यंत येवन परत गेलांत?" मी म्हणालो.

"इलंव होतंव," म्हातारी म्हणाली. "मगे म्हटलंय, सुतक आसा, देवळात खंय जातलंव? चलत परत इलंव. तेव्हां पाणी गुडघ्याइतक्याच होतां."

"माका एक हाक मारूक काय झालां होतां?"

ती अगदी साधेपणाने म्हणाली, "तू कोणावर तरी आरडी होतस, पुता."

मेहुण्याचा ट्रक, रिमोटवाला, कोंबडीवाला, कोणावर ओरडत होतो देव जाणे. ऐंशीच्या घरातली बाई, मुलगा जाऊन सहा दिवस झालेले, पायऱ्यांशी पावसात उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, आणि आपली अडचण सांगण्यापेक्षा पाण्यात परत जाणं तिला सोपं वाटलं. आजही रात्री आठवलं की मी कूस बदलतो. कामाचा माणूस म्हणून मिरवत होतो, आणि माझ्यापाशी यायला माणसाला भीती वाटत होती.

म्हातारीला मी पाठीवर घेतलं. वजन काहीच नव्हतं. वयनीने समई एका बालदीत ठेवली, वर छत्री धरली आणि छातीभर पाण्यातून ती केबिनपर्यंत आली. दोडामार्गकराने एका हाताने तिला वर ओढलं, दुसऱ्याने बालदी धरली. वात विझली नाही. मी ती विझली असती तरी कोणाला सांगितलं नसतं.

आता न्यायचं कुठे? मी ठरवलं होतं, सरळ अग्रशाळेत. पायऱ्यांशी गाडी लावली, भटजींना खाली बोलावलं आणि मनात भांडणाची सगळी तयारी करून ठेवली. माणसं बुडत असताना कसलं सुतक, देवाला कळत नाही का, वगैरे. पण भटजी पावसात अर्धे भिजत खाली आले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आणा त्यांना वर. अग्रशाळा म्हणजे गाभारा नव्हे. देवाचं काय ते मी बघून घेईन." माझं सगळं भांडण फुकट गेलं.

नको म्हणाली ती म्हातारीच. केबिनमध्ये बसूनच तिने हात जोडले.

"देव रागवायचो नाय, म्हायत आसा माका. पण भटजीनूं, माझ्या झिलासाठी करूक माझ्या हातात आता इतक्याच उरला. हे सुतकाचे दिवस. ते तरी माका नीट पाळूंद्या."

मी आयुष्यभर या असल्या गोष्टींवर तोंडसुख घेत आलो. सोवळंओवळं म्हणजे रिकामपणाची कामं, असं माझं स्पष्ट मत होतं आणि ते मी न विचारता सांगत असे. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्या बाईला सुतक हे बंधन नव्हतं. मुलासाठी करायचं शेवटचं काम होतं ते. त्याला आंघोळ घालणं नाही, भात वाढणं नाही, ट्रक दारात लागेपर्यंत जागं राहणं नाही. एवढंच उरलेलं. तेही पुराच्या नावाखाली काढून घ्यायला मी निघालो होतो. भटजींचेही डोळे भरले. ते छत्री तिच्या अंगावर धरून उभे राहिले.

देवळासमोर रस्त्याच्या पलीकडे ट्रक दुरुस्त करायचं एक गॅरेज आहे, पत्र्याची मोठी शेड. खाण बंद झाल्यापासून तिथे दोन गंजलेली इंजिनं आणि टायर सोडून काही नव्हतं. किल्ली दोडामार्गकराकडेच असायची. उघडली. डिझेलचा जुना वास, पण जमीन कोरडी. टायर बाजूला लोटले, ताडपत्री अंथरली, एका कोपऱ्यात दिवा ठेवला. दोघींना बसवलं. मी बायकोला म्हटलं, "तूं हांगा रांव हेंच्याबरोबर. दोगांच आसत, एकटीं पडतलीं."

बायको कोरडे कपडे आणायला गेली. ती परत यायच्या आत भाजीवाली आली. एका हातात पेजेचा डबा, दुसऱ्या काखेत स्वतःचं बोचकं. डबा तिने म्हातारीसमोर उघडला आणि बोचकं टायरांपाशी टाकलं.

मी म्हणालो, "तुझी जागा तिकडे आसा मगे."

"पेज हांगा आनी हांव थंय?" तिने मलाच विचारलं, आणि पदर खोचून शेड झाडायला घेतली.

तिच्यामागून त्या दोघी जावा आल्या, मिक्सर घेऊन. मग तान्ह्या पोराची आई. मग कोंबडीवाले म्हातारे, कोंबडीसकट. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. पाऊस पडतच होता आणि डोक्यावर गोणपाट घेऊन एकेकजण रस्ता ओलांडत होता. मी मधे उभा राहून ओरडत होतो की तिकडे विहीर आहे, संडास आहेत, पक्क्या खोल्या आहेत, हा काय वेडेपणा. कोणी लक्ष दिलं नाही. एक आजी जाता जाता म्हणाली, "तां आमका म्हायत आसा, तू जरा वाटेतसून सरक."

चहाच्या वेळेपर्यंत शेडमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. अग्रशाळेत राहिले भटजी, चारपाच आजारी माणसं आणि माझं मेज. जिची मी सकाळपासून फुशारकी मारत होतो ती व्यवस्था गावाने दोन तासांत उलटीपालटी केली, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी मेज डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडला. भटजी पेजेचं मोठं भांडं दोघांकडून उचलवून रस्त्यापर्यंत आले, तिथे ठेवलं आणि म्हणाले, "इथून पुढे तुम्ही न्या. परत देताना घासून द्या म्हणजे झालं."

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरू लागलं. मेस्तच्या घराची मागची भिंत त्याच सकाळी बसली. दोडामार्गकर बघून आला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. मी ते म्हातारीला लगेच सांगितलं नाही.

मग मदतीचे ट्रक सुरू झाले. फोंड्याहून एक आला, त्यात चादरी, भांडी, आणि कोणाच्या तरी लग्नातला एक सूट आणि शेरवानी. सूट रिमोटवाल्याला बरोबर बसला. तो चिखल काढायला तोच घालून गेला. पलीकडे पेडण्याला तांदूळ जास्त झाला आणि साबण नव्हता, आमच्याकडे साबणाचा ढीग. मेहुण्याशी आठ फोन करून अदलाबदल केली. या सगळ्यात मी आवाज खाली ठेवायचा प्रयत्न करत होतो. कोणी मेजापाशी येऊन नुसतं उभं राहिलं की आधी मान वर करून बघत होतो. बायकोने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

शेडमध्ये आता सगळ्यांची चूल एकच होती, एकच भांडं, एकच पेज. तरी पाळी मोडली नाही. सातव्या दिवशी मोठ्या जावेचा क्रम होता. भांड्यातली पहिली पेज तिने वेगळ्या डब्यात काढली, वर फडकं बांधलं, आणि चुलीपासून कोपऱ्यापर्यंतची पाच पावलं चालत जाऊन म्हातारीसमोर ठेवली. आठव्या दिवशी धाकटीचा होता. तिनेही तसंच केलं.

त्या आठव्या दिवशी तालुक्याच्या कचेरीतून एक मुलगी फॉर्म घेऊन आली. नवीनच नोकरीला लागलेली, चपला हातात, पाय चिखलाने माखलेले. घर किती पडलं, कपडे, भांडी, अंथरूण कोणाला किती पाहिजे, हे घराघराचं लिहून घेत होती. मी तिच्याबरोबर फिरत होतो. कोपऱ्यात आलो. भिंतीचं तोवर त्यांना कळलं होतं. मुलीने खाली बसून वयनीला नीट विचारलं, "घरात माणसं किती?"

हा प्रश्न तिला मेस्त गेल्यानंतर कोणी विचारलेला नव्हता. वयनी म्हणाली, "दोन." म्हणाली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. सहा दिवस आणि पुराचे दोन दिवस मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"तीन," म्हातारी म्हणाली.

मुलीने यादीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तीन लिही बाय," म्हातारी तिला समजावून सांगू लागली, पोरीला आपलं घर दाखवावं तशी. "बारावो जायसर तो घरातच आसता. नायतर ह्यो दिवो कोणासाठी लावलंव? माका नि हिका दिसता मगे उजेडात. बारावो झालो की मगे येवन दोन कर. तेव्हां मी कायएक बोलूचंय नाय."

मुलीचं पेन कागदावर टेकलेलं होतं, हलत नव्हतं. ती मला हळूच म्हणाली, "काका, काय लिहू?"

चुकीच्या आकड्यापायी मी माणसांना रांगेतून बाहेर काढलं आहे, ओळखीच्यांना, मित्रांना. मेस्तलासुद्धा एकदा. "तीन लिही," मी म्हणालो.

तिने लिहिलं. मग फॉर्म माझ्यापुढे धरला. खाली गावातल्या एका साक्षीदाराची सही लागत होती. एरवी मी आद्याक्षरांवर भागवतो. त्या दिवशी पूर्ण सही केली, आडनावासकट.